'येते' म्हणून गेलेली मुलगी

वादळ गुरुवारी दुपारी येणार होतं. त्याआधी आमच्या युनिव्हर्सिटीच्या सात ईमेल येऊन गेल्या. पाण्याच्या बाटल्या भरा, खिडक्या लावा, मन शांत ठेवा, आणि राहतच नसेल तर खालच्या लिंकवर जा. बर्फ धरू नये म्हणून सकाळपासून दोन माणसं पायऱ्यांवर मीठ टाकत होती, अख्ख्या कॅम्पसची दृष्ट काढायला निघाल्यासारखी. ग्लासगोत वीस वर्षं काढली, पण बर्फापेक्षा बर्फाच्या ईमेलच मला जास्त छळतात.

मी विद्यार्थ्यांच्या हॉलच्या, म्हणजे हॉस्टेलच्या ऑफिसात काम करते. सातव्या ईमेलबरोबर फॉर्म आला. प्रत्येक नावापुढे 'आत', 'बाहेरगावी' किंवा 'परत येणार' लिहायचं. 'परत येणार'मध्ये एक जरी नाव उरलं, तरी डेस्कवरच्या माणसाने हलायचं नाही. हा नियम काढणारे साहेब स्वतः घरून काम करत होते, ते सोडा.

डेस्कवर आमचे पोर्टर होते, म्हणजे हॉलचे दरवान, साठी उलटलेले, अस्सल ग्लासगोचे. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ती घरी एकटी. त्यांची शेवटची बस तीनला होती. अडीचला सगळी यादी झाली, एक नाव राहिलं. कोल्हापूरची मुलगी, सप्टेंबरात आलेली. फोन बंद.

"ती येणार आहे," पोर्टर म्हणाले. "सकाळी बॅग घेऊन निघाली, मला हात केला आणि म्हणाली, आय विल कम."

"कधी, ते म्हणाली?"

"नाही. पण येणार म्हणाली ना!"

तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. "अहो, तुम्ही निघा, मी थांबते," असं दोनदा सांगून पाहिलं. म्हातारा हटेना. पोरगी बर्फातून येईल आणि डेस्कवर ओळखीचं कुणी नसेल, हे त्यांना पटत नव्हतं. तीनची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली.

सव्वातीनला फोन लागला. बाईसाहेब एडिनबराला मावशीकडे कांदाभजी खात होत्या.

"अय्या, काकू! मी सोमवारी येणार. सांगून निघाले की त्यांना."

"काय सांगून?"

"येते म्हटलं. 'जाते' कसं म्हणायचं?"

कपाळ माझं! आता चिडणार तरी कुणावर? मी पोर्टरना समजावलं, आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'येते' म्हणतात. त्यांनी 'परत येणार' खोडलं आणि 'बाहेरगावी' लिहिलं.

अनावश्यक प्रवास टाळा, अशी आठवी ईमेल आली. ती वाचून मी त्यांना गाडीत घातलं. वीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. पोचलो तर त्यांची बायको काठी टेकून खिडकीत उभी.

पोर्टरनी दार उघडलं, एक पाय बर्फात ठेवला आणि मागे वळले. "तुम्हीही आईला तसंच म्हणून निघाला होता?"

"हो."

"मग गेलात परत?"

आई गेली तेव्हा मी इथे रजेचा फॉर्म भरत होते.

"दार लावा हो," मी म्हटलं, "वारा आत येतोय. त्या वाट बघतायत तुमची."