तिसरा बोअर

आज ऑफिसशेजारी बोअर पाडत होते. खडकाच्या धुळीचा वास आला आणि गाव आठवलं.

मी नुकताच इंजिनिअर झालो त्या वर्षी दुष्काळ होता. आमच्या गावात, पालीत, दूध सोसायटीचा दुसरा बोअरही कोरडा गेलेला. चेअरमन असलेले माझे चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनिअर झालास न्हं? मंग सांग, तिसरा कुठं पाडायचा?"

"तात्या, माझं कॉम्प्युटरचं हाय."

"मंग त्यात बघून सांग की!"

सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी बोट दाखवलं असतं, तर बोअरची गाडी तिथंच लागली असती. "मला न्हाई येत," कसंबसं म्हणालो.

आता नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती मी घेतो. मुद्दाम त्यांना न येणारं विचारतो, कुणी 'येत नाही' म्हणतं का बघायला. पोरं धडाधड उत्तरं देतात आणि मला पालीतला तो तिसरा बोअर आठवतो. यांनी तिथं बोट दाखवलं असतं.