उन्हाचं दूध

जे सांगायचं आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा इकडचंतिकडचं मागितलं, पण ह्याच्या जवळपास फिरकले नाही. आता आपलं म्हणावं असं माणूस फारसं उरलं नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. मध्ये अडखळले तर ढकलू नका. मी माझी माझीच पुढे जाईन.

मी कुंडलची. लग्नाला आठ वर्षं झाली, कूस उजवली नाही, आणि नवऱ्यानं एक दिवस दुसरी आणली. मला आधी सांगितलंसुद्धा नाही हो! विहिरीवरून पाणी घेऊन आले, तर ओट्यावर नवी बाई बसलेली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. घागर खाली ठेवली आणि नेसत्या लुगड्यानिशी माधवनगरला धाकट्या भावाकडे निघून आले. भाऊ म्हणजे महादू. त्याची बायको पारू. मी तिला वैनी म्हणायची, ती मला वन्सं म्हणायची. नवराबायको दोघंही गिरणीत कामाला होती. घर मी सांभाळायला लागले, आणि खरं सांगते, दोघांनी मला कधी परकं केलं नाही.

वर्षभरात सदा झाला. वैनीनं तेव्हा गिरणी सोडली. बारशाला तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि चार बायकांत म्हणाली, "वन्सं, ह्यो तुमचाच हाय बगा." असं सगळ्याच म्हणतात. नणंदेचं मन राखायला म्हणतात. मी ते खरं धरलं. सगळं तिथंच चुकलं, असं म्हणायची मला फार हौस आहे — पण तिथं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे, आणि ते मी केलं.

लढाई सुरू होती. महादू पलटणीत भरती होऊन लांब गेला. सदा सव्वा वर्षाचा झाला तेव्हा वैनी पुन्हा गिरणीत जायला लागली, सूत गुंडाळायच्या खात्यात. पोरगं चार घास खायचं, पण अंगावर प्यायचंच. सकाळी पाजून जायची. दुपारचा भोंगा झाला की अर्ध्या तासाची सुट्टी, त्यात ती पळत घरी यायची, पाजायची, दोन घास पोटात ढकलायची आणि पुन्हा पळत जायची. आमची खोली गिरणीपासून फार लांब नव्हती, तरी जाण्यायेण्यात निम्मी सुट्टी जायची.

सकाळभर सदा माझा. मी न्हाऊ घालायची, काजळ लावायची, कडेवर घेऊन भाकरी थापायची. "आत्ती" हा शब्द तो आधी शिकला, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. आणि भोंगा झाला की? तोंडातला घास थुंकून टाकायचा, माझा हात झिडकारायचा आणि धडपडत दाराशी जाऊन उभा राहायचा. माझ्याकडे वळून बघायचासुद्धा नाही. रोज. हसा तुम्ही — पण सव्वा वर्षाच्या पोरानं मला दगा दिला असं मला वाटायचं. नवऱ्यानं दिला तसाच. आणि वैनीनंही. 'तुमचाच' म्हणून मांडीवर ठेवायचा आणि भोंग्यासरशी काढून घ्यायचा, ही कुठली रीत?

रीतीवरून आठवलं. आमच्याकडे उन्हातनं आलेल्या बाईनं पोराला लगेच पाजायचं नाही. तिचं दूध तापलेलं असतं, ते पोराला बाधतं. पाय धुवायचे, घोटभर पाणी प्यायचं, पहिली धार काढून टाकायची, मग पोर घ्यायचं. आईनं मला शिकवलेलं. आईच्या हिशेबात ह्या सगळ्याला एक तांब्या पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. शेतातनं आलेल्या बायका असंच करायच्या.

मी ती रीत ताणली.

आधी नुसते पाय. मग तोंड. मग म्हणाले, लुगड्यावर कापसाची तूस आहे, झटकून ये, पोराच्या नाकात जाईल. मग घाम वाळू दे. वैनी बिचारी उंबऱ्याच्या पायरीवर बसायची, पहिली धार पायरीच्या कडेला काढून टाकायची आणि घाम वाळायची वाट बघायची. पोर माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावतंय, तिची चोळी भिजलेली, आणि मी म्हणतेय, थांब, अजून अंग गरम हाय. ती मला विचारायची, "आता घिऊ का वो वन्सं?" स्वतःच्या पोराला घ्यायला ती मला विचारायची! कारण मी मोठी, मला रीतभात ठाऊक. तिची आई लहानपणीच गेलेली, तिला हे शिकवायला दुसरं कोण होतं?

एवढंच केलं असतं तरी आज मी तुमच्यापुढे बसले नसते. पण तेवढ्यानं भागेना, पोर शेवटी तिच्याकडे जायचंच. मग मी भोंग्याच्या जरा आधी म्हशीच्या दुधात भाकरी कुस्करायला लागले. वर गूळ, सायीचा गोळा. तुडुंब भरवायची. ती घाम वाळवून पोर मांडीवर घ्यायची तेव्हा ते एक-दोनदा तोंड लावायचं आणि मान फिरवायचं. खेळायचं, चावायचं. तिकडे दुसरा भोंगा व्हायचा. भरल्या छातीनं, ठणकत ती परत जायची. रात्री निजताना घ्यायची, पण दिवसभर न ओढलेला पान्हा किती दिवस टिकणार?

एके दुपारी तिनं विचारलं. चेहरा उतरलेला होता, हे मला स्वच्छ आठवतं.

"वन्सं, माझ्या दुदालाच काय झालंय का वो?"

आता इथं — इथं मला थांबता आलं असतं. खरं सांगायला नको होतं, नुसतं "न्हाई गं" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "गिरणीच्या धगीनं नासतंय ते. पोराला चव लागती त्याची."

तिनं विश्वास ठेवला. एका शब्दानं उलट विचारलं नाही. चार दिवसांनी छातीला फडकं आवळून बांधलं आणि पाजणं बंद केलं, पोराला बाधू नये म्हणून. तापानं फणफणली. मी पेज करून पाजली, कपाळावर घड्या ठेवल्या. सगळी चाळ म्हणाली, नणंद असावी तर अशी. आणि मी ते ऐकून घेतलं.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. पायरीच्या कडेला ती जी धार काढून टाकायची, तिथं ती गेल्यावर मुंग्या लागायच्या. तांबड्या, बारीक, रांगच्या रांग. गोडाला लागतात तशा. मी रोज तांब्याभर पाणी ओतून पायरी धुवायची. कशासाठी, ते तुम्हाला कळलं असेलच. दूध नासलेलं नाही हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुढे महादू रजेवर आला. पोरगं बापाला बुजलं ते ठीक, पण आईनं हाक मारली तरी येईना, माझ्या निऱ्यांत तोंड खुपसून राहिलं. महादूनं बायकोला विचारलं, एवढ्यात अंगावरचं का तोडलंस? ती म्हणाली, दूध नासलं. तो चिडला. "गिरणीच्या नादानं पोराच्या तोंडचं काढलंस आणि वर दुदाला नावं ठिवतीस व्हय?"

ती रडली नाही. माझ्याकडे वळली, अगदी खात्रीनं. "वन्सं, तुमी सांगा की ह्यास्नी."

तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं बोलणार. का वाटू नये? तिनं कधी मला अंतर दिलं होतं? मी काटवटीत पीठ मळत होते. मान वर न करता म्हणाले, "मी काय सांगणार रं महादू? आई ती हाय. तिचं तिला ठावं."

एवढंच. ह्यात एक शब्द खोटा नाही, बघा. म्हणून तर तो इतकी वर्षं माझ्या घशात अडकून आहे. पिठावरून मान उचलली नाही, त्यामुळे तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. पण तिचा हात माझ्या डोळ्यांसमोरच होता. माझ्या काटवटीची कड धरलेली होती तिनं, ती सोडली.

महादू लढाईतनं धडधाकट परत आला. संसार झाला, म्हणजे जेवणखाण, सणवार, सगळं झालं. पण ती गोष्ट त्यानं सोडली नाही. पाहुण्यांत थट्टेनं म्हणायचा, आमच्या मंडळींना पोरापेक्षा भोंगा प्यारा. सगळे हसायचे. वैनी वाढत राहायची. सदा हेच ऐकत मोठा झाला आणि मग तोही म्हणायला लागला, मला आत्तीनं वाढवलं, आईला कुठं सवड होती! तो मायेनं म्हणायचा, माझ्या पाया पडून म्हणायचा. माझ्या जिवाला केवढं गोड वाटायचं ते! हेही कबूल करते. लाज वाटायची, आणि गोडही वाटायचं.

सदाची बायको शाळेत शिकवायला जायची. तिचं पोर तान्हं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी ती घरी आली, घामानं निथळत. पोर माझ्याकडे होतं, रडत होतं. मी सवयीनं म्हणाले, "आधी पाय धू, अंग गार हूं दे, मग—"

वैनी कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती उठली. गुडघे दुखायचे तिचे, तरी उठली. माझ्या कडेवरून पोर काढून घेतलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. सुनेच्या पायातली चप्पलसुद्धा निघाली नव्हती. पोर गपकन लागलं. वैनी पुन्हा लसणाकडे जाऊन बसली आणि खाली बघतच मला म्हणाली,

"नासक्या दुदाला मुंग्या लागत न्हाईत, वन्सं."

आवाज चढवला नाही. सुनेला कळलंही नाही, तिला वाटलं आम्ही म्हाताऱ्या काहीतरी जुनं बोलतोय. म्हणजे तिनं मुंग्या पाहिल्या होत्या. कधी? मी पायरी धुवायच्या आधी एखाद्या दिवशी? ताप उतरल्यावर? की महादूपुढे माझ्याकडे वळली, तेव्हाही तिला ठाऊक होतं — आणि तरी मी सांगेन अशी तिची खात्री होती? मी विचारलं नाही. तिच्यासमोर बसले आणि लसूण सोलायला घेतला. त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी तर नाहीच.

वैनी गेली. तेराव्याला सदा चार माणसांत माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आईनं जन्म दिला, पण दूध आत्तीनं पाजलं म्हणा की." माणसांनी माना डोलावल्या. तिच्या फोटोला घातलेला हार समोर होता, ताजा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुखी राहा.

तिचं दूध चांगलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत चांगलं होतं.