वाफसा नसलेलं रान

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या शिवारात एक बाँबफेकी विमान उतरताना उलथलं. ते कुणामुळे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पिंगळी स्टेशनापासून कोसभर आत आमचं रान. हस्ताचा पाऊस उघडून पाच-सहा दिवस झाले होते. मी आणि बायको कापसात होतो. विमान इतकं खाली आलं की बैलांनी दावी तोडली. एका बाजूचा पंखा बंद होता. गावावरून दोनदा घिरटी घालून ते गायरानाच्या रोखाने वळलं. गायरान मुरमाड, दगडासारखं टणक. पण त्याच्या टोकाला, विमान पळत येईल तिथंच, माझा बोंडांनी लगडलेला कापूस होता.

मी पागोटं सोडलं आणि शेजारच्या चुलत्यांच्या काळ्या रानाकडे हात करकरून ते हलवू लागलो.

"अवो, तिकडं वल्लं हाय!" बायको ओरडली. "वाफसा कुटं आलाय?"

मला ते ठाऊक होतं. पेरणीसाठी ठेवलेलं ते रान वरून वाळून सपाट दिसत होतं. आदल्याच दिवशी चुलत्यांचा बैल त्यात गुडघाभर रुतला होता. तरी मी थांबलो नाही. पुढच्या काचेत बसलेल्या माणसाने माझ्याकडे हात केला. विमान वळलं.

चाकं टेकली, थोडी पळाली, रुतली. शेपूट वर उठलं ते उठलंच.

चौघं रांगत बाहेर आले. काचेतल्याला आम्ही कुऱ्हाडीने पत्रा तोडून काढला. बैलगाडीत कडबा अंथरून त्याला स्टेशनाकडे नेलं, बैल मीच हाकत होतो. रेल्वेच्या फाटकापाशी त्याचं कण्हणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी निजामाच्या पोलिसांचा अमीन वाचलेल्यांना घेऊन आला. "इशारा किसने किया?"

"आमच्या ह्या पुतण्यानं, साहेब," चुलते छाती काढून म्हणाले. "पागोटं सोडून रान दावलं. माझं रान गेलं तं जाऊ द्या!"

"शाबास," अमीन म्हणाला. त्या चौघांतल्या एकाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बायको दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. दिवाळीनंतर कापूस फुटला, मी तिला वेचायला बोलावलं. ती एवढंच म्हणाली, "तुमचा तुमी वेचा."

मी एकटाच वेचला. ओळीच्या टोकाला पोचून मान वर केली की समोर गायरान दिसायचं, सपाट आणि मोकळं.