देवघरातला उजेड

देवळाली प्रवरेच्या आसारामाला भगवंताने दोन वेडे दिली होती: धाकटी बहीण मनकर्णा आणि कॅमेरा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा हा साधा कारकून. पण फोटो काढावा तर त्याने! कागदावर फोटो उमटवणे तो घरीच करी, लाल काचेच्या दिव्यात. फिल्म मात्र नगरच्या स्टुडिओत धुऊन आणी.

बाहत्तरच्या भाद्रपदात मनकर्णा पहिल्या बाळंतपणात गेली. राखीपौर्णिमेला त्याने तिला ओसरीत उभी करून टिपले होते, दिवस भरत आलेली, हसरी. एरवी कॅमेरा दिसला की ती लाजून पळे; तिचा तेवढा एकच फोटो, आणि तोही अजून कॅमेऱ्यातल्या फिल्मवर. त्या मुखाला परका हात लागू नये म्हणून आसारामाने पुण्याहून फिल्म धुण्याची टाकी मागवली. ती आली तेव्हा घरात घट बसले होते.

टाकीत फिल्म भरायची तर अंधार हवा. बिनखिडकीची खोली एकच, देवघर; आणि तिथे घटापुढे अखंड दिवा.

"आई, दसऱ्यापर्यंत थांबू."

"मला आत्ताच दाव माझी मनी," रंगुबाई म्हणाली.

"मग दिवा घटकाभर बाहेर आणतो."

"घटाम्होरचा दिवा हालवतोस? लेक गेली, आता देवबी घालवतो का?"

आसारामाला आपला लाल दिवा आठवला. लाल उजेडात कागद बिघडत नाही, मग फिल्म तरी का बिघडावी? भर दुपारी त्याने दिव्याभोवती लाल काच उभी केली, दार लावले, देवीला हात जोडले आणि फिल्म उलगडून टाकीत भरली. औषध ओतले, मग चित्र पक्के करणारा हायपो ओतला, झाकण उघडले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी पट्टी. ओसरी नाही, हसू नाही, मनकर्णा नाही. कागदाने सोसलेला उजेड फिल्मला सोसला नव्हता.

"दिसली का रं?" दाराबाहेरून रंगुबाई.

"न्हाई, आई. उजेडानं खाल्ली."

"कंच्या उजेडानं?"

उत्तर त्याच्या जिभेवर आले होते. ते त्याने गिळले. "काच मी लावली हुती. माझंच चुकलं."

रंगुबाई आत आली. दिव्याकडे पाहत राहिली. मग तेलाची बुधली उचलली, दिव्यात तेल घातले आणि हात न जोडताच बाहेर गेली.

दसऱ्याला घट उठले, दिवा शांत झाला. देवघरात हवा तेवढा अंधार होता. टाकी कोनाड्यात पालथी होती, आणि आसारामापाशी तिच्यात भरण्यासारखे काही उरले नव्हते.