दोन बोटं वर

चिंतामणराव वेलणकर तीस वर्षं गिरगावातल्या एकाच शाळेचे वर्गफोटो काढत आले होते. स्वतःचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. लग्नाच्या ऑर्डरी त्याच्याही आधी थांबल्या होत्या. जानेवारीत शाळेतून निरोप आला की वर्षातले आठ दिवस ते पुन्हा फोटोग्राफर होत, आणि त्या आठ दिवसांवर बाकीचं वर्ष निघत असे.

त्यांच्या ट्रायपॉडचं हेड, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो तो भाग, जवळजवळ तितकंच जुनं होतं. स्क्रू कितीही आवळला तरी कॅमेरा हळूहळू मान टाकायचा. चिंतामणरावांनी त्यावर तोड काढली होती. कॅमेरा हवा त्यापेक्षा दोन बोटं वर रोखायचा आणि तो खाली बसेपर्यंत मुलांना बोलण्यात गुंतवायचं. "हनुवटी खाली. खांदे सैल. आज डब्यात काय आहे ते मनात आठवा, मला सांगू नका, मी उपाशी आहे." मुलं हसत. काका गमतीदार आहेत असं सगळ्या शाळेला वाटे. खरं तर ते मनात वीसपर्यंत आकडे मोजत असत.

गेल्या वर्षी हेड वीसच्या हिशेबात राहिलं नाही, जास्तच खाली बसलं. दहावीच्या फोटोत मागे बाकावर उभ्या असलेल्या चार मुलांची कपाळं कापली गेली. पालकांनी तक्रार केली. पर्यवेक्षिका वैदेहीबाईंनी विचारलं तेव्हा चिंतामणराव म्हणाले, "मुलं ऐन वेळी टाचा उंचावून उभी राहिली." बाईंनी त्या चौघांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. चिंतामणराव तिथेच उभे होते, बॅगेची चेन पुन्हा पुन्हा लावत.

यंदा बाईंचा फोन आला तो असा, "काका, या वर्षी फोटो बिघडला तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. राग मानू नका."

"सोडून द्या ना आता," मृणालिनीताई नवऱ्याला म्हणाल्या. "तीन जिने चढता, तर आधी तुमचा श्वास वर येतो, मग तुम्ही."

"आणि जानेवारीत काय करू?"

"इतर महिन्यांत करता तेच. मला भाजी कशी चिरायची ते शिकवा."

चिंतामणरावांनी पिशवीत कॅमेरा घातला आणि बसने दादरला गेले. रमाकांतचं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान अजून होतं, अर्धं मोबाइलच्या कव्हरांनी भरलेलं.

"ये चिंत्या! मला वाटलं ते हेड तू वर घेऊन जाणार."

"दाखव काय ते. जास्त वेळ उभं राहवत नाही."

रमाकांतने स्टूल सरकवलं आणि आधी बॉल हेड काढलं. "एक गुंडी सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो. आता सगळे हेच नेतात."

चिंतामणरावांनी गुंडी फिरवली तसा कॅमेरा धाडकन एका अंगाला कलंडला. रमाकांतने तो वरच्यावर झेलला. "अरे, दुसऱ्या हाताने कॅमेरा धरायचा असतो!"

"दुसऱ्या हाताने मी पोरांना सरका सरका म्हणतो." शिवाय ती छोटी गुंडी आवळताना त्यांच्या आंगठ्याच्या सांध्यातून कळ गेली होती. त्यांनी ते हेड बाजूला सारलं. "आणि हे?"

"व्हिडिओवाल्यांचं. लोण्यासारखं फिरतं. तुझी पोरं पळणार आहेत काय?"

"पळतात. फोटो झाल्यावर."

तिसरं हेड तीन दांड्यांचं होतं. एक दांडी वर-खाली, एक डावी-उजवी, एक तिरकेपणासाठी. एक सैल केली तरी बाकीच्या दोन जागच्या हलत नव्हत्या. दांड्या लांब, त्यामुळे आंगठ्याचं काम नव्हतं, मुठीने आवळता येत होतं. मात्र वजनाला भारी.

चिंतामणरावांनी त्यावर आपला कॅमेरा चढवला, समोरच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर रोखला आणि म्हणाले, "आता चहा सांग."

चहा आला, पिऊन झाला. खिळा होता तिथेच होता. त्यांनी पुन्हा डोळा लावून बघितलं.

"काय रे, रडतोस काय?"

"डोळ्यातून पाणी येतं हल्ली. बांध हे."

शाळेत पहिला वर्ग दहावीचाच होता. बाकं लागली, मुलं चढली, मुली पुढे जमिनीवर बसल्या. चिंतामणरावांनी बाकाच्या फळीशी चौकट सरळ जुळवली, दांड्या आवळल्या आणि नेहमीसारखे बटणाची वायर घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले. कोण डोळे मिटतंय ते तिथूनच कळायचं. "हनुवटी खाली. खांदे सैल. डब्यात काय आहे?" अठरा, एकोणीस, वीस. लागोपाठ तीन फोटो घेतले.

"झालं!"

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि वर्ग उधळला. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. वर आभाळच आभाळ, मागची रांग पूर्ण, आणि खाली जमिनीवर बसलेल्या मुली गळ्यापाशी कापलेल्या. हात सवयीने दोन बोटं वर गेला होता. नवं हेड जिथे ठेवलं तिथे राहिलं होतं.

बाई लांबून विचारत होत्या, "काका, ठीक ना?"

मुली पुढे सरकल्या, असं म्हणता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. ते पटांगण ओलांडून बाईंपर्यंत गेले, तेवढ्यानेही धाप लागली.

"बाई, माझ्याकडून चुकलं. सगळ्यांना परत बोलवावं लागेल." आणि श्वास घेऊन, "गेल्या वर्षीही माझंच चुकलं होतं. हेड ढिलं होतं. ती मुलं सरळ उभी होती."

"त्या चौघांना मी किती बोलले, काका."

"हो. मी तिथेच होतो."

बाईंनी शिपायाला पुन्हा घंटा द्यायला सांगितली. मुलं कुरकुरत परतली, कुणाच्या हातात अर्धा पराठा, कुणाची वेणी सुटलेली. चिंतामणरावांनी दांडी सैल केली, चौकट खाली घेतली, डोळा लावून पुढच्या रांगेतल्या मुलींचे बूट मोजले. या वेळी ते काही बोलले नाहीत. मुलंच एकमेकांना "हनुवटी खाली, खांदे सैल" म्हणून हसली, तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

बाईंनी वाकून पडद्यावर रांगा एकेक करून पाहिल्या. "पुढच्या वर्षाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "नववी अ ला पाठवू?"

चिंतामणराव बाकाच्या कडेला टेकले होते. "दोन मिनिटांनी पाठवा," ते म्हणाले.