नौपाड्यातला सिक रिपोर्ट

मार्चमधला एक शनिवार, सकाळचे अकरा. फी तासाला नऊशे रुपये. नौपाड्यातल्या समुपदेशन केंद्रात तिघे हजर: समुपदेशक केतकी मॅडम, माझी पत्नी वीणा आणि मी, लष्करातला निवृत्त हवालदार.

वर्तकनगरहून येताना वीणाने रिक्षातच बजावलं होतं, "आज बोलला नाहीत, तर मी चिपळूणला माहेरी जाणार. न्यायला येऊ नका."

मॅडमनी विचारलं, "कसे आहात, काका?"

"सब ठीक."

"सब ठीक म्हणे!" वीणा म्हणाली. "दोन वर्षं खुर्चीत बसून झोपतायत. आडवं झालं की छाती भरते यांची."

मॅडमनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "पोस्टवर कुणी आजारी पडलं तर?"

याचं उत्तर मला येत होतं. "सिक रिपोर्ट. जवानाने सांगायचं, आम्ही त्याला दवाखान्यात पाठवायचं."

"आणि त्याने सांगितलंच नाही तर?"

तेव्हा शिर्केचं सांगितलं. बेसवर रेडिओ सेट माझ्याकडे होता. वर बर्फातल्या पोस्टवर लान्स नायक गणपत शिर्के आणि पाच जवान. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी होतं. खोकला आला की खाली उतरायचं, असा नियम. पण एक उतरला की बाकीच्यांची ड्यूटी वाढते, म्हणून जवान खोकला लपवतात.

दुपारच्या रिपोर्टला त्याला धाप लागलेली.

"शिर्के, तबियत? ओव्हर."

"सब ठीक. ओव्हर."

"मग धापा का टाकतोयस? ओव्हर."

"कोपर स्टेशनचा जिना चढून आलो रे. ओव्हर."

तो कोपरचा. मी हसलो. संध्याकाळच्या रिपोर्टला दुसरा जवान बोलला. खाली आणेपर्यंत शिर्के गेला होता.

"त्याने खरं सांगितलं असतं तर?" मॅडमनी विचारलं.

"ताबडतोब उतर म्हटलं असतं."

"कमी लेखलं असतंत त्याला?"

"नाही."

मॅडम म्हणाल्या, "मीसुद्धा जाते, काका, दुसऱ्या एका समुपदेशक मॅडमकडे. दिवसभर ऐकून माझीही छाती भरते. पहिल्या दिवशी मीही ठीक आहे असंच सांगितलं होतं."

"तुम्हालाही सिक रिपोर्ट?"

"लागतो की."

मी खुर्चीत सरळ बसलो. "छाती भरते. झोप नाही. आडवं झालं की त्याची धाप ऐकू येते." तीन वाक्यं. लांबच्या गस्तीवरून आल्यासारखा थकलो.

बाहेर वीणा उभी राहिली. "बोललात?"

"रिपोर्ट दिला."

"मग चिपळूणचं तिकीट काढू नको ना?"

"नको."

काउंटरवरच्या ताईंना नऊशे रुपये दिले आणि पुढचा शनिवार घेतला.

शिर्के सव्वीस वर्षांचा होता. सगळ्या नोकरीत त्याने एकदाही सिक रिपोर्ट दिला नव्हता. आम्ही त्याचं कौतुक करायचो.