बारा रियाल वगळून

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतकं गैरसोयीचं खरं बोलणारा माणूस अख्ख्या ओमानमध्ये नसेल. मूळचे रत्नागिरीकडचे; रुवीतल्या एका गोदामात माल मोजण्यात उभा जन्म गेलेला. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं, बाकी सगळी अफवा. माझ्या बायकोनं एकदा खीर कशी झालीय विचारलं, तर म्हणाले, "वरची चांगली आहे. तळाची अजून खाल्ली नाही."

दार्सैतच्या आमच्या इमारतीतल्या एका आचाऱ्याला मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं, तेव्हा ऑपरेशनसाठी आम्ही घरोघर वर्गणी मागितली. चाचा वही घेऊन प्रत्येक दाराशी हजर! कोणी किती दिले, कुठली नोट फाटकी, सगळं टिपून घेत. आम्ही पार वैतागलो. पैसे ठेवले इमारतीतल्याच सावंत सुताराच्या खात्यात, आणि आठवड्यात त्या खात्यावर कोर्टाची टाच आली. सावंत एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होता, आणि मित्र पसार! आचाऱ्याचे डोळे बँकेत अडकले.

"हे पैसे वर्गणीचे, असं शपथपत्र द्या," आमचा वकील चाचांना म्हणाला. "खातं आधी रिकामं होतं, असंही लिहू."

"रिकामं कुठे? बारा रियाल होते. पैसे भरताना मी मशीनवर पाहिले."

"चाचा, बारानं काय होतंय?"

"खोटं होतंय."

शेवटी चाचांनी स्वतःला हवं तेच लिहिलं: प्रत्येक दार, प्रत्येक नोट, आणि 'सावंतचे बारा रियाल वगळून'. कोर्टात समोरच्या वकिलानं नेमकं तेच पकडलं. सावंतचे पैसे यात आहेत, हे त्याचाच साक्षीदार कबूल करतोय! सावंत घामाघूम. न्यायाधीशांनी शपथपत्र सावकाश वाचलं आणि ते अरबीत काहीतरी बोलले. दुभाष्या हसून म्हणाला, "साहेब विचारतात, जो माणूस बारा रियाल लपवत नाही, तो बाकीचं खोटं कशाला लिहील?"

बारा रियालांवर टाच कायम, बाकीचे सगळे मोकळे! रुवीच्या भर रस्त्यात सावंतनं चाचांना उचलूनच घेतलं. "खलास, खलास! बास झालं, खाली ठेव मला!" चाचा ओरडत होते आणि आम्ही टाळ्या पिटत होतो.

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर आचारी जिन्यात चाचांना भेटला. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. ते काठीच्या आधारानं वर गेल्यावर मला हळूच म्हणाला, "चाचा एवढे थकले कधी हो?"

रोज त्याच जिन्यात भेटूनही मला ते दिसलं नव्हतं.